बॉवर्स अँड विल्किन्स : वर्दिंगच्या दुकानापासून हिऱ्याच्या ट्वीटरपर्यंत

मंद्रसप्तक

उंची स्पीकरांची चर्चा सुरू झाली की ती बहुधा किंमत आणि आवाजाची विशेषणे यांपाशीच थांबते. इंग्लंडमधील बॉवर्स अँड विल्किन्स ही कंपनी गेली सुमारे साठ वर्षे स्पीकरचा स्वतःचा अनावश्यक आवाज कसा थोपवावा, या एकाच प्रश्नाचा निरनिराळ्या बाजूंनी पाठपुरावा करत आली आहे, असे माझे मत आहे, आणि तिची व्यापारी वाढही त्या पाठपुराव्यातूनच झाली, हे तिच्या उत्पादनांच्या क्रमावरून दाखवता येते. त्यासाठी हा चर्चेचा धागा काढत आहे. जाणकारांनी भर घालावी.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या संदेशवहन दलात जॉन बॉवर्स आणि रॉय विल्किन्स यांची ओळख झाली. युद्ध संपल्यावर दोघांनी दक्षिण किनाऱ्यावरील वर्दिंग या गावी रेडिओ आणि विद्युत उपकरणांचे दुकान काढले. बॉवर्स पाश्चात्त्य अभिजात संगीताचे निष्ठावान श्रोते होते. विक्रीला येणाऱ्या स्पीकरांनी त्यांचे समाधान होत नसे, म्हणून दुकानाच्या मागल्या भागात ते स्वतःच स्पीकर जोडू लागले. मिस नाइट नावाच्या एका वृद्ध ग्राहक बाईंना त्यांचे काम इतके मनापासून आवडले, की त्यांनी मृत्युपत्रात बॉवर्स यांच्यासाठी १०,००० पौंड ठेवले. त्या रकमेच्या बळावर १९६६ साली बी अँड डब्ल्यू इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी उभी राहिली. विल्किन्स दुकान सांभाळत राहिले आणि नव्या कंपनीत बॉवर्स यांच्या जोडीला पीटर हेवर्ड आले.

पी१ या पहिल्या मॉडेलने नफा दिला तेव्हा तो मोठ्या जागेवर किंवा जाहिरातीवर खर्च न करता मोजमापाची उपकरणे घेण्यासाठी वापरला गेला, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्या उपकरणांमुळे प्रत्येक स्पीकर तपासून त्याच्यासोबत मोजमापाचा दाखला देणे शक्य झाले. साठच्या दशकातील लहान उत्पादकासाठी हा खर्चिक निर्णय होता.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. स्पीकरचा पडदा पुढे हलतो तेव्हा तो जेवढी ऊर्जा श्रोत्याकडे पाठवतो, तेवढीच पाठीमागे, म्हणजे खोक्याच्या आत, सोडतो. ती मागची लहर आतल्या भिंतीवर आपटून पातळ पडद्यातून पुन्हा बाहेर येते आणि मूळ स्वरात थोड्या उशिराने मिसळते. शिवाय खोक्याच्या फळ्या स्वतः थरथरून आवाज करतात, समोरच्या रुंद फळीच्या कडांवरून लहरींचे विवर्तन होते, म्हणजे त्या वळून पसरतात, आणि पडदाही ठराविक वारंवारतेच्या वर एकसंध न राहता तुकड्यातुकड्यांनी हलू लागतो. श्रोत्याला संगीत म्हणून जे ऐकू येते त्यात ही चारही ऊर्जास्थाने सतत भर घालत असतात. या कंपनीची जवळजवळ प्रत्येक मोठी कल्पना या चारांपैकी एकाला थोपवण्यासाठी जन्मली आहे.

पहिला मोठा टप्पा पडद्याचा होता. केव्लार हा धागा मुळात ड्यूपॉन्ट या रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ साली शोधला. १९७४ च्या सुमारास बॉवर्स यांनी त्याचे विणलेले कापड स्पीकरच्या पडद्यासाठी वापरून पाहण्यास घेतले, आणि १९७६ च्या डीएम६ या मॉडेलमध्ये ते बाजारात आले. पुढे चार दशके पिवळसर विणीचा तो पडदा म्हणजे या कंपनीची ओळख होती. १९७९ साली ८०१ आले. त्यात वूफर, म्हणजे खालच्या स्वरांचा एकक (पडदा आणि त्याला हलवणारी यंत्रणा), खाली मोठ्या खोक्यात, मध्यम स्वरांचा एकक त्याच्या वर स्वतंत्र लहान डोक्यात आणि ट्वीटर, म्हणजे वरच्या स्वरांचा एकक, सर्वांत वर वेगळ्या कवचात, अशी मांडणी होती. रुंद फळीच हद्दपार केली म्हणजे तिच्या कडांचा प्रश्न उरत नाही, हा त्यामागील विचार. या दोन्ही मॉडेलांचे बाह्यरूप केनेथ ग्रेंज यांनी घडवले, ज्यांनी ब्रिटनच्या इंटरसिटी १२५ या वेगवान रेल्वेगाडीचा पुढचा भागही रेखाटला होता.

त्याआधी, १९७० च्या डीएम७० मध्ये, याच कंपनीने वरच्या स्वरांसाठी इलेक्ट्रोस्टॅटिक पटल (विद्युतभाराच्या ओढीने हलणारा पातळ पापुद्रा) आणि खालच्या स्वरांसाठी साधा वूफर असा संकरही करून पाहिला होता. पुण्याच्या केडन्स कंपनीने पुढे याच जातीचे संकरित स्पीकर बनवले, हे येथील अनेकांना ठाऊक असेल.

ध्वनिलेखक

उत्तम सुरुवात. मी ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात असल्याने ८०१ विषयी थोडी भर घालतो, कारण माझ्या दृष्टीने कंपनीच्या वाढीचा खरा वळणबिंदू तेथे आहे.

लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओने १९८० च्या सुमारास ८०१ संदर्भ स्पीकर म्हणून स्वीकारला, आणि त्यानंतर अभिजात संगीताच्या ध्वनिमुद्रणात त्याचा वापर झपाट्याने पसरला. काळ लक्षात घ्यायला हवा. डिजिटल ध्वनिमुद्रण नुकतेच रुजू लागले होते आणि १९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क आली. फितीचा खरखराट नाहीसा झाल्यावर अतिशय हळू आणि अतिशय मोठा आवाज यांतील अंतर एकदम वाढले. तोपर्यंत अनेक स्टुडिओंत जे मॉनिटर, म्हणजे मुद्रण तपासण्याचे स्पीकर, होते, त्यांतले काही मोठा आवाज पेलत, पण स्वराचा रंग बदलत. काही रंग सांभाळत, पण जोरकस वाद्यवृंदापुढे दमत. ८०१ ने दोन्ही बाजू बऱ्याच अंशी सांभाळल्या. त्यात जादा शक्ती आल्यास एककांना वाचवणारे संरक्षक सर्किटही होते, ज्याचे मोल दिवसभर काम करणाऱ्या ध्वनिलेखकालाच कळते.

येथे तंत्रज्ञान आणि व्यापार यांचा सांधा जुळला. घरी तबकडी ऐकणाऱ्या ग्राहकाला, ही तबकडी ज्या स्पीकरवर तपासली गेली तोच आपल्या दिवाणखान्यात आहे, असे सांगता येऊ लागले. हे विधान कोणत्याही जाहिरातीपेक्षा प्रभावी होते, आणि त्याला आधार होता. त्यामुळे तांत्रिक पाठपुराव्यातूनच वाढ झाली, हे मंद्रसप्तक यांचे म्हणणे मला अर्धे मान्य आहे. तंत्र उत्तम असूनही योग्य दार उघडले नाही, म्हणून विस्मरणात गेलेले स्पीकर त्या काळात पुष्कळ होते.

मंद्रसप्तक

आपला मुद्दा वजनदार आहे, ध्वनिलेखक. तरीही माझा आग्रह असा, की दार उघडल्यावर आलेल्या पैशाचे काय केले, यावर पुढची चाळीस वर्षे ठरली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बॉवर्स यांनी वर्दिंगच्या कारखान्यापासून काही मैलांवर, स्टेनिंग या लहान गावात स्वतंत्र संशोधन केंद्र उभारले. विक्री आणि उत्पादन यांची रोजची घाई संशोधकांपर्यंत पोहोचू नये, हा हेतू होता. पडद्याच्या पृष्ठभागावरील हालचाल लेझर किरणांच्या साहाय्याने टिपण्यासारखी कामे तेथे झाली.

या केंद्रातील लॉरेन्स डिकी यांचे नाव येथे घ्यायलाच हवे. खोक्याच्या फळ्यांची थरथर थांबवण्याचा रूढ मार्ग म्हणजे फळी जाड करणे. डिकी यांनी खोक्याच्या आत उभ्या-आडव्या पट्ट्यांची एकमेकींत अडकणारी जाळी बसवली. पट्ट्यांना भोके असल्याने हवा खेळती राहते, पण बाहेरची मोठी फळी असंख्य लहान चौकटींत विभागली जाते. लहान चौकट फार उंच वारंवारतेला थरथरते आणि तेथे तिला थरथरवण्याइतकी ऊर्जाच वूफरकडून येत नाही. ही मॅट्रिक्स रचना, आणि तिच्यासह मॅट्रिक्स ८०१ चे आगमन १९८७ पर्यंत झाले. त्याच वर्षी जॉन बॉवर्स यांचे निधन झाले.

निधनापूर्वी त्यांनी डिकी यांच्या हाती एक मोकळे काम सोपवले होते, ज्यात खर्च, आकार किंवा विक्री यांची कोणतीच अट नव्हती. त्यातून १९९३ साली नॉटिलस बाहेर पडला. गोगलगायीच्या शंखासारखा वळलेला तो स्पीकर अनेकांनी छायाचित्रांत पाहिला असेल, आणि तो आकार शोभेसाठी आहे असा बहुतेकांचा समज होतो. वस्तुस्थिती अशी, की प्रत्येक एककाच्या मागे टोकाकडे निमुळती होत जाणारी एक नळी आहे. मागची लहर त्या नळीत शिरते आणि आतल्या शोषक भरणात विरत जाते. परतून येण्यासाठी तिला सपाट भिंतच मिळत नाही. कर्ण्याने आवाज वाढतो, त्याच भूमितीचा उलटा उपयोग येथे केला आहे. वूफरची नळी सरळ ठेवली असती तर घरात मावली नसती, म्हणून ती गुंडाळली आणि शंखाचा आकार आला.

या रचनेची एक मर्यादा फार बोलकी आहे. तरंगलांबी नळीच्या व्यासापेक्षा बरीच मोठी असेल तोवरच लहर नळीतून सरळ पुढे जाते. वारंवारता वाढली की ती आत आडवी-तिरपी परावर्तित होऊ लागते आणि नळीचा उपयोग संपतो. त्यामुळे प्रत्येक एककाला थोडाच पल्ला देणे भाग पडले, एकूण चार एकक आले, आणि त्यांच्यासाठी बाहेरचे क्रॉसओव्हर (स्वरांचे पल्ले वेगळे करून एककांत वाटणारे सर्किट) व एका जोडीला आठ अ‍ॅम्प्लिफायर वाहिन्या लागू लागल्या. साहजिकच हा स्पीकर मोजक्या घरांतच गेला. मात्र १९९८ च्या नॉटिलस ८०० मालिकेत ट्वीटरची निमुळती नळी आणि मध्यम स्वरांचे गोलाकार डोके उतरले, आणि तेथून त्याच कल्पना सौम्य रूपात स्वस्त मालिकांपर्यंत झिरपल्या. डिकी पुढे दक्षिण आफ्रिकेतील व्हिविड ऑडिओ या कंपनीत गेले आणि तेथेही नळीचाच विचार पुढे नेत राहिले.

कार्बन१२

पदार्थविज्ञान हा माझा विषय, म्हणून पडद्याच्या साहित्याविषयी लिहितो. केव्लार आणि हिरा ही एकाच शोधाची दोन पावले असल्यासारखे अनेकदा लिहिले जाते, परंतु त्यांमागील विचार परस्परविरुद्ध आहेत, आणि ते समजल्याशिवाय २०१५ चा बदल उलगडत नाही.

पडदा कधी ना कधी वाकणारच, हे केव्लारच्या वापरात गृहीत आहे. मध्यभागी व्हॉइस कॉइलपासून, म्हणजे पडदा हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीपासून, निघालेली वाकण्याची लहर कडेपर्यंत जाते आणि परत फिरते. पडदा सर्व दिशांना सारखाच कडक असेल, तर सगळ्या दिशांनी परतलेल्या लहरी एकाच वेळी मध्याशी पोहोचतात आणि ठसठशीत अनुनाद तयार होतो. विणलेल्या कापडात धाग्याच्या दिशेने लहर वेगाने जाते आणि तिरप्या दिशेने हळू. परतीच्या लहरी वेगवेगळ्या वेळी पोहोचल्याने त्यांची जूट होत नाही. वाकणे थांबत नाही, पण ते विखुरते. १९९८ च्या मालिकेत या पडद्याच्या कडेची रबराची वळी काढून तेथे मऊ फोमची अरुंद कडी बसवली गेली, जेणेकरून कडेला पोहोचलेली लहर तेथेच शोषली जावी.

ट्वीटरच्या बाबतीत उलट ध्येय असते. पडद्याने श्रवणमर्यादेच्या कितीतरी वरपर्यंत मुळीच वाकू नये, असे तेथे हवे असते. पदार्थ किती ताठ आणि किती हलका, या गुणोत्तरावर हे ठरते, आणि पदार्थातील ध्वनीचा वेग हे त्याचे सोयीचे माप आहे. अ‍ॅल्युमिनियममध्ये तो सेकंदाला सुमारे ५,००० मीटरच्या आसपास असतो. हिऱ्यात तो १७,००० मीटरच्याही वर जातो. त्यामुळे अ‍ॅल्युमिनियमचा घुमट साधारण ३० किलोहर्ट्झला पहिल्यांदा वाकतो, तर हिऱ्याचा घुमट ७० किलोहर्ट्झच्या आसपास. २००५ च्या ८०० डी मालिकेपासून असे घुमट वापरात आले. हा हिरा खाणीतला नसतो. हायड्रोजन आणि कार्बनयुक्त वायूंच्या तप्त प्लाझ्मातून साच्यावर कार्बनचे अणू बसत जातात आणि मिलिमीटरच्या काही शतांश जाडीचा घुमट तयार होतो. प्रक्रिया संथ असल्यामुळे किंमत वाढते.

माणसाला २० किलोहर्ट्झच्या वर ऐकू येत नाही, मग ३० वरून ७० वर जाण्याचा लाभ काय, असा प्रश्न योग्यच आहे. अनुनादाचे शिखर जेथे असते त्याच्या बरेच खालीही त्याचा उतार आणि लहरीच्या कलेतील (फेजमधील) बदल पोहोचलेला असतो. शिखर दूर गेले की श्राव्य पट्टा अधिक निर्मळ राहतो. हा लाभ खरा आहे, परंतु तो लहान आहे. एकूण स्पीकरच्या गुणवत्तेत हिऱ्याचा वाटा जाहिरातीत दिसतो तेवढा मोठा नाही, असे माझे मत आहे.

२०१५ च्या ८०० डी३ मालिकेत कंपनीने स्वतःची ओळख असलेले पिवळे केव्लार मध्यम स्वरांतून काढून टाकले आणि कंटिन्युअम नावाचा रुपेरी विणीचा नवा पडदा आणला. विखुरणाऱ्या विणीचे तत्त्व त्यात कायम राहिले, पण केव्लारचे वर्तन ज्या पल्ल्यात एकाएकी बदलत असे, तेथील बदल अधिक सावकाश झाला. विपणनाच्या दृष्टीने ज्याच्यावर चाळीस वर्षे खर्च झाला ते चिन्ह सोडून देणे सोपे नसते. संशोधन केंद्राचा शब्द कंपनीत चालतो, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही. २०२१ च्या डी४ मालिकेत मध्यम स्वरांच्या एककामागची कापडी वळीदार चकती, जिला कारागीर स्पायडर म्हणतात, ती काढून अगदी बारीक पायांची सांगाड्यासारखी रचना बसवली. कापडी चकती स्वतः हवा हलवते आणि आवाज करते, म्हणून ती नको. हा पुन्हा मंद्रसप्तक यांनी मांडलेलाच प्रश्न.

प्रभात रस्ता

सर्वांचे लेखन मन लावून वाचले. एका गोष्टीवर मात्र कोणीच बोट ठेवलेले नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. ८०० मालिकेच्या अलीकडच्या पिढ्यांच्या स्वतंत्र मोजमापांत वरच्या स्वरांचा उठाव वारंवार दिसून आलेला आहे. अनावश्यक आवाजाचा एवढा कसून पाठलाग करणारी कंपनी अंतिम स्वरसमतोलात मात्र तटस्थ राहत नाही, हे मला खटकते. शोरूममध्ये पाच मिनिटांत असा स्पीकर लगेच लक्ष वेधतो. घरी तासन् तास ऐकताना तोच उठाव थकवू शकतो.

दुसरे कारण भूमितीतच आहे. मध्यम स्वरांचा एकक सुमारे १५० मिलिमीटरचा आणि तो साधारण ३५० हर्ट्झपासून ४ किलोहर्ट्झपर्यंत वापरला जातो. ४ किलोहर्ट्झची तरंगलांबी ९ सेंटिमीटरहूनही कमी, म्हणजे पडद्यापेक्षा लहान. तेथे पोहोचेपर्यंत त्या एककाचा आवाज समोर एकवटू लागतो. त्याच्या लगेच वर, मोकळ्या हवेत बसवलेला लहानसा ट्वीटर चहूकडे आवाज पसरवतो. समोर बसलेल्याला सलगता जाणवेल, पण बाजूच्या भिंतींवर जाणारा आवाज त्या ठिकाणी एकाएकी वाढतो. आपल्याकडच्या दिवाणखान्यांत सिमेंटच्या उघड्या भिंती, गुळगुळीत फरशी आणि काचेच्या सरकत्या खिडक्या असतात. गालिचे आणि जड पडदे क्वचित. अशा खोलीत हा दोष दुणावतो.

ध्वनिलेखक

प्रभात रस्ता यांचे निरीक्षण माझ्याही अनुभवाशी जुळते. स्पीकर खोलीच्या आतल्या बाजूस फार वळवून न ठेवता थोडा सरळ ठेवला, आणि पहिल्या परावर्तनाच्या जागी पुस्तकांचे कपाट किंवा जाड कापड आणले, तर उठाव पुष्कळ सुसह्य होतो.

मात्र त्याच निर्णयाची दुसरी बाजू आपल्या संगीताच्या श्रोत्यांनी पाहावी. ३५० हर्ट्झ ते ४ किलोहर्ट्झ हा पल्ला एकाच पडद्याकडे असल्यामुळे ख्यालगायकाच्या आवाजाचा फार मोठा भाग, त्याच्या स्वरवर्णांसह, मध्ये क्रॉसओव्हरची शिवण न येता ऐकू येतो. मध्य आणि तार सप्तकांतली लांब मींड एका एककाकडून दुसऱ्याकडे सोपवली जात असताना तिचा पोत बदलला, तर सवयीच्या कानाला ते लगेच कळते. तानपुऱ्याच्या जवारीची परीक्षा अधिक कठीण, कारण तिचे वरचे स्वरांश ४ किलोहर्ट्झच्या दोन्ही बाजूंना पसरलेले असतात आणि ते झंकारत राहतात. खोक्यात अडकलेली ऊर्जा उशिरा बाहेर आली, तर चार तारांचे झंकार वेगळे न राहता एक सलग गुणगुण उरते. मॅट्रिक्स जाळी आणि निमुळत्या नळीचा फायदा मला ढोलताशापेक्षा तानपुऱ्यात अधिक स्पष्ट जाणवतो.

विकत घेण्याचा विचार असणाऱ्यांनी अ‍ॅम्प्लिफायरचे गणितही आधी मांडावे. कागदावर ८ ओम लिहिलेले असले तरी या मालिकेतील मोठ्या स्पीकरांचा रोध काही वारंवारतांना ३ ओमपर्यंत उतरतो, आणि त्या वेळी भरपूर विद्युतप्रवाह देऊ न शकणारा अ‍ॅम्प्लिफायर खालचे स्वर ढिले सोडतो.

लेस्टरकर

मी इंग्लंडात राहतो आणि येथील उद्योगांच्या मालकीचे बदल जवळून पाहत आलो आहे. या कंपनीच्या वाढीची चर्चा मालकीशिवाय अपुरी राहील. बॉवर्स यांच्यानंतर सूत्रे रॉबर्ट ट्रुन्झ यांच्याकडे आली, आणि नॉटिलस त्यांच्याच काळात पूर्णत्वास गेला. २००७ साली झेपेलिन हा आयपॉडचा स्पीकर आला, २०१० मध्ये पी५ हेडफोन आले, आणि पुढे बीएमडब्ल्यू व व्हॉल्व्हो यांच्या मोटारींत कंपनीचे स्पीकर बसू लागले. ज्यांनी कधी स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर पाहिलेला नाही अशा ग्राहकांपर्यंत नाव पोहोचले ते या तीन वाटांनी.

२०१६ मध्ये कॅलिफोर्नियातील इव्हा ऑटोमेशन या नवख्या कंपनीने तिची खरेदी केली. तो संसार फार टिकला नाही. २०२० मध्ये डेनॉन आणि मॅरान्ट्झ यांची मालक असलेल्या साउंड युनायटेडने तिला घेतले. २०२२ मध्ये रक्तातील प्राणवायू मोजणारी उपकरणे बनवणाऱ्या मॅसिमोने संपूर्ण साउंड युनायटेड सुमारे एक अब्ज डॉलरांना विकत घेतली, आणि २०२५ मध्ये तोच समूह ३५ कोटी डॉलरांना सॅमसंगच्या मालकीच्या हारमनकडे गेला. दहा वर्षांत चार मालक. या काळातच डी४ मालिका बाहेर पडली, आणि ८०० मालिका आजही वर्दिंगमध्येच बनते, ही त्या कारखान्यातील लोकांची कामगिरी आहे, आणि तिचा उल्लेख क्वचितच होतो.

प्रभात रस्ता यांच्या आक्षेपाच्या संदर्भात हारमनचे नाव मला विशेष महत्त्वाचे वाटते. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी तेथे वर्षानुवर्षे केलेल्या श्रवणचाचण्यांत, स्पीकरचे नाव आणि रूप श्रोत्यांपासून लपवलेले असताना, समोर सपाट आणि बाजूंना सावकाश उतरणारा समतोल बहुसंख्य श्रोत्यांनी पसंत केला. म्हणजे ज्या दोन बाबींवर येथे टीका झाली, नेमक्या त्याच बाबींवर नव्या मालकाची संशोधनपरंपरा उभी आहे.

मंद्रसप्तक

लेस्टरकर, हा दुवा माझ्या मनात आला नव्हता, आणि तो फार मोलाचा आहे. प्रभात रस्ता यांचा उठावाविषयीचा मुद्दा मला मान्य आहे. खोका शांत करण्याच्या कामात या कंपनीला तोड नाही, पण बाजूंना जाणाऱ्या आवाजाचा प्रश्न तिने तेवढ्या गंभीरपणे हाताळलेला दिसत नाही. मध्यम स्वरांचा एकक लहान केला किंवा ४ किलोहर्ट्झची सीमा खाली आणली, तर बाजूचा आवाज सुधारेल, परंतु ट्वीटरवर अधिक भार येईल, कंपनीने मुद्दाम साधे ठेवलेले क्रॉसओव्हर गुंतागुंतीचे होईल, आणि ध्वनिलेखक यांनी सांगितलेली गायकाच्या आवाजातील सलगताही थोडी कमी होईल. ट्वीटरच्या भोवती उथळ वाटीसारखा मार्गदर्शक बसवून त्याचा पसारा आवरणे हा दुसरा मार्ग, जो हारमनच्या रेव्हेल आणि जेबीएल या नाममुद्रांनी अनेक वर्षे वापरला आहे. तो स्वीकारला तर ट्वीटर मोकळ्या हवेत ठेवण्याचा अनेक दशकांचा आग्रह सोडावा लागेल. पुढच्या मालिकेची मोजमापे प्रसिद्ध होतील तेव्हा मी सर्वांत आधी ४ किलोहर्ट्झच्या आसपासचे बाजूच्या आवाजाचे आलेख पाहणार आहे. ते याच धाग्यावर मांडेन.